फास्टर फेणे पुन्हा वाचायला घेताना

फास्टर फेणे या शाळकरी मुलाच्या साहसकथांचा सगळा संच एकदम मागवू नका. आधी घरातली जुनी प्रत शोधा. मला माळ्यावरच्या ट्रंकेत तीन सापडल्या, शिवण उसवलेल्या, एकीत खुणेसाठी ठेवलेलं एसटीचं तिकीट. त्याच पानांवर डोळे लवकर रुळतात.

एका पुस्तकाला एकच बैठक द्या. भा. रा. भागवतांनी ही पुस्तकं सायकलच्या वेगानं लिहिली आहेत. रोज चार पानं वाचली तर चाक फिरतच नाही. पहिल्या काही पानांत 'शाळकरी पोराला हे कसं जमेल?' असं मनात येईल. येऊ द्या, पण थांबू नका. आणि फेणेच्या तोंडचं 'ट्टॉक्' मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात वाचलं तर तो आवाज हरवतो.

लहानपणी मी फक्त रहस्य वाचलं होतं. आता दिसतो तो फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला, घरापासून लांब राहणारा बनेश, म्हणजेच फास्टर फेणे. मीही आठवीत वसतिगृहात गेले, त्यामुळे त्याचं मित्रांवर विसंबणं आता जास्त भिडतं. १९६२ च्या चीन युद्धाची गोष्ट मात्र आई-बाबांना विचारून वाचा. त्या दिवसांबद्दल ते जे सांगतात, त्यानं पानं भरून येतात.

२०१७ चा 'फास्टर फेणे' सिनेमा नंतर पाहा, नाहीतर आपल्या मनातला फाफे पुसला जातो. त्याच्याही नंतर भागवतांनी मराठीत आणलेला फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न. मी सध्या तिथं पोचले आहे.