दुकान नकाशावर आहे, जागेवर नाही: या चुका टाळा

सासूबाईंची दोन पितळी पातेली कल्हईला द्यायची होती. पुण्यात कल्हई म्हटलं की कसबा पेठेतली तांबट आळी, एवढं ठाऊक होतं. पण आळीत नेमकं कोणाकडे जायचं ते फोनमधल्या नकाशाला विचारलं आणि तिथेच फसलो. पिन अगदी झोकात होती, नाव होतं, फोटो होता. पातेली पिशवीत घालून दुपारी दीडला पोहोचलो, तर त्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, आणि तेही जेवणाच्या सुट्टीसाठी बंद. शेजारच्या काकांनी पिशवीकडे बघूनच ओळखलं. "ते दोन दिवाळ्यांपूर्वी उठले हो. पुढच्या बोळात जा. पाटी नाही, भात्याचा आवाज येईल."

घरी येऊन पुन्हा बघितलं तेव्हा कळलं, चूक माझीच होती. त्या दुकानाचा सगळ्यात ताजा फोटो चार वर्षांपूर्वीचा होता. मी फक्त पिन आहे एवढंच बघितलं, ती किती शिळी आहे ते बघितलंच नाही.

पिनेचं वय न बघणं

व्यापारी नकाशात, म्हणजे गूगल मॅप्स, मॅपमायइंडियाचं मॅपल्स वगैरेंमध्ये, दुकानाची माहिती बऱ्याच अंशी मालक आणि गिऱ्हाइकांनी दिलेली असते. मालक दुकान बंद करून गावी गेला तर पिन काढायला कोण बसलंय? म्हणून रेटिंगचे तारे नंतर बघा, आधी परीक्षणं 'सर्वात नवीन' या क्रमाने लावा. दोन-तीन वर्षांत एकही परीक्षण नाही, फोटो नाही, तर निघण्याआधी फोन करा.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला नकाशा. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने तो सुरू केला. त्यात ना तारे असतात ना परीक्षणं, पण प्रत्येक वस्तूचा इतिहास उघडा असतो. वेबसाइटवर आधी बाण आणि प्रश्नचिन्ह असलेलं बटण दाबा, मग दुकानावर टिचकी मारून यादीतून ते निवडा, की शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. 'सहा वर्षांपूर्वी' असं दिसलं तर चहाची टपरी तिथे असेलच याची खात्री धरू नका. देऊळ मात्र असेल.

रिकामी जागा म्हणजे दुकान नाही, असं समजणं

दोन्ही नकाशांना आंधळे कोपरे आहेत, पण वेगवेगळे. ज्याला गिऱ्हाईक फोनवरून शोधतं, तो व्यापारी नकाशात हमखास सापडतो: मोबाइल दुरुस्ती, केक, सलून. पिठाची गिरणी, सायकलचं पंक्चर काढणारा, पाटी नसलेला कल्हईवाला यांना नकाशात येण्याची गरजच वाटत नाही. लोकांच्या नकाशात हे सगळे असू शकतात, पण तेव्हाच, जेव्हा त्या गल्लीतून कोणीतरी हौशी माणूस फोन हातात घेऊन चाललेला असतो. म्हणून एका पेठेत पाणपोई आणि बाकडीसुद्धा नोंदलेली, तर शेजारच्या पेठेत नुसते रस्ते, असं दिसतं. घरं तेवढीच आहेत, फिरणारा माणूस नव्हता.

शोधण्याची तऱ्हाही वेगळी. गूगल परीक्षणांतले शब्दसुद्धा चाळतं, त्यामुळे कोणी 'इथे कल्हई छान करतात' लिहिलं असेल तर तेवढ्यावर दुकान सापडू शकतं. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड ही लोकांच्या नकाशावर चालणारी ॲप्स मुख्यतः नाव आणि प्रकार बघतात. तिथे 'कल्हई' टाकून काही आलं नाही तर भांड्यांची दुकानं शोधा आणि तिथे जाऊन विचारा. देवनागरी, रोमन, दोन्ही लिपींत टाकून बघा. कधी 'ळ'च्या जागी 'ल' लिहिलेला असतो, तेही लक्षात ठेवा.

वेळेवर विसंबणं

'१० ते ९ उघडे' असं लिहिलेलं असतं आणि दुपारी शटर खाली. दोन्ही नकाशांत एका दिवसाचे दोन भाग लिहिता येतात, १० ते १.३० आणि ४ ते ९ असे. पण भरणारा घाईत असतो. पुण्यात हा विनोद झालाय, सांगलीत किंवा नाशकात जुन्या बाजारात फिरलात तरी तेच. दुपारी निघणार असाल तर नकाशापेक्षा स्वतःच्या अनुभवाचं ऐका.

बँकेचा नंबर नकाशातून उचलणं

ही चूक महाग पडते. नकाशातली माहिती कोणालाही सुधारता येते, तशी बिघडवताही येते. बँकेच्या शाखेचा नंबर बदलून आपला नंबर टाकायचा आणि फोन करणाऱ्याकडून ओटीपी काढायचा, असे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत. बँक, गॅस, विमा यांचा नंबर पासबुकावरून किंवा संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. दुकानदारांनीही सावध राहावं: गूगलवरची व्यवसायाची नोंद फुकट असते, 'व्हेरिफिकेशनची फी' मागणारा फोन आला की सरळ ठेवून द्या.

दुरुस्ती करताना होणारे घोळ

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे गूगलवरून बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये उतरवणं. हेतू चांगला असला तरी तो डेटा कंपनीच्या मालकीचा आहे. अशी भर कळली की काढून टाकली जाते. स्वतः पाहिलेलं, पाटीवर वाचलेलं, मालकाला विचारलेलं तेवढंच घाला. स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप चालता चालता साधे प्रश्न विचारतं, एव्हरी डोअरमध्ये 'दुकान अजून आहे' एवढी बरोबरची खूण करता येते. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

दुसरं, घाई. लोकांच्या नकाशातला बदल मूळ डेटात लगेच जातो, पण ऑफलाइन ॲपमध्ये नवा नकाशा उतरवल्याशिवाय दिसत नाही. दिसलं नाही म्हणून तेच दुकान तिनदा टाकणारे महाभाग आहेत. (मी दोनदा टाकलंय.) गूगलवर उलट: 'बदल सुचवा' केलं की ते तपासणीत जातं, कधी मान्य होतं, कधी नाही. 'कायमचे बंद' सुचवताना त्या जागेचा आजचा फोटो जोडलात तर बरं.

आणि नावाच्या रकान्यात नावच लिहा. 'बेस्ट कल्हई पुणे स्वस्त दर' हे नाव नव्हे. असल्या नावांमुळे गूगलवर नोंद निलंबित होऊ शकते, आणि लोकांच्या नकाशात कोणीतरी येऊन ते खोडतं.

कल्हईवाला शेवटी सापडला तो भात्याच्या आवाजाने आणि नवसागराच्या धुराने. पातेली तापवली, कथलाची कांडी फिरवली, कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात आतून चांदीसारखी केली. मी फोन काढून नोंद करायला बसलो. दुकानाचं नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला? लोक येतातच की." म्हणून नावाचा रकाना रिकामा ठेवला आणि वर्णनात 'तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई' लिहिलं. मग सुट्टीचा वार विचारला.

"वार नाही. अमावस्येला बंद."

ओपनस्ट्रीटमॅपच्या वेळेच्या रकान्यात वार लिहिता येतो, महिना लिहिता येतो, ईस्टरसुद्धा लिहिता येतो. अमावस्येची सोय नाही. अवतरणचिन्हांत टीप घालता येते, तेवढी घातली.