पावसाळ्याआधी ड्युअल-स्पोर्ट गाडीची तयारी: मे महिन्यातले दोन रविवार

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला दाखल होतो, म्हणजे गाडी उघडायचं काम मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हातावेगळं व्हायला हवं. एकदा सरी सुरू झाल्या की सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोरडी जागा मिळत नाही आणि उघडं बेअरिंग रात्रभर दमट हवेत पडून राहतं. पुढे २१ इंची आऱ्यांचं चाक आणि मागे १७ किंवा १८ इंची, अशा एक्सपल्स २०० किंवा हिमालयन ४११ सारख्या ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ही तयारी मांडली आहे. आकडे गाडीगणिक थोडे बदलतात, तेव्हा मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा.

गाडी घेतल्यावर पहिला खर्च गार्ड, जादा लाइट आणि बॅगांवर होतो, आणि आमच्या मते इथेच क्रम चुकतो. वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा किनाऱ्यालगतच्या भागांत उभी राहणारी गाडी न चालवताही गंजते. खारी हवा आधी आऱ्यांच्या निपलांवर (आरा रिमला आवळून धरणारे छोटे नट), कनेक्टरांच्या पितळी पिनांवर आणि बाहेरून न दिसणाऱ्या बुशांवर (सांध्यांतल्या धातूच्या नळ्या) बसते. म्हणून पहिला रविवार पूर्णपणे बेअरिंग, सील आणि वायरिंगला द्या. जोडायच्या वस्तू दुसऱ्या रविवारी. आणखी एक पथ्य: सगळं काम प्रवासात सोबत नेणार त्याच हत्यारांनी करा. कोणता पाना कमी पडतो, कोणता नट हाताच्या जोराने सुटत नाही, हे माळशेजच्या पायथ्याशी कळण्यापेक्षा घराखाली कळलेलं बरं.

खरेदीसाठी एक शनिवार पुरतो. नागदेवी स्ट्रीटला बेअरिंग, पाने आणि स्टेनलेसचे नट-बोल्ट मिळतात, लॅमिंग्टन रोडला रिले, फ्यूज होल्डर, हीट-श्रिंक नळी आणि वॉटरप्रूफ कनेक्टर. बेअरिंग नावाने मागू नका, जुन्यावर कोरलेला नंबर वाचून मागा आणि शेवटी ‘टू-आरएस’ लिहिलंय ना ते पाहा. म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याची झाकणं. ती धूळ अडवतात, पाणी अडवत नाहीत. सोबत पाण्यात न धुपणारं ग्रीस अर्धा किलो, कनेक्टरांसाठी डायइलेक्ट्रिक ग्रीसची छोटी ट्यूब, ब्रेकच्या पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस, डॉट ४ ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, ९० नंबरचं गिअर ऑइल अर्धा लिटर, चेन क्लीनर, निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव), इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर घ्या. हा वॉशर काही रुपयांचा, पण जुनाच लावून गळती थांबवायला बोल्ट आवळत गेलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि इंजिनचं काम लेथवाल्याकडे जाऊन पोचतं.

आधी गाडी धुऊन पूर्ण वाळू द्या. प्रेशर वॉशरची धार चाकाच्या मध्यावर, कोनसेटवर (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं) आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा हलता दांडा) सांध्यावर मारायची नाही. सीलच्या ओठाखालून पाणी आत जातं आणि परत येत नाही. मेन स्टँड असेल तर चाक उचलायला तो पुरतो. नसेल तर मागे पॅडॉक स्टँड आणि पुढे इंजिनखालच्या मजबूत बॅश प्लेटला आधार देणारा लाकडी ठोकळा. नुसत्या इंजिनच्या केसिंगवर भार देऊ नका.

चाक वर-खाली धरून आडवं हलवून पाहा. किंचित जरी ‘खट’ जाणवलं तर एक्सल काढा, बोट बेअरिंगच्या आतल्या कड्यात घालून फिरवा. खरखर किंवा अडखळ लागली तर त्या चाकातली दोन्ही बेअरिंगं आणि सील एकदमच बदला. नवं बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं की सहज बसतं. ठोकताना मार बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे, त्या मापाची पान्याची गोटी (सॉकेट) चालते. आतल्या कड्यावर ठोकलं की गोळ्यांच्या खोबणीत खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्यात आवाज करू लागतं. दोन बेअरिंगांमधली नळी पुन्हा घालायला विसरू नका. ती नसली तर एक्सल आवळताच बेअरिंग आडव्या दाबाखाली येतं.

चाक फिरवत प्रत्येक आऱ्यावर छोटा पाना हलकेच आपटा. घट्ट आरा ‘टण’ वाजतो, सैल आरा बद्द. सैल असेल तो एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक आवळणीनंतर चाक फिरवून पाहायचं. फोर्कला (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) एक केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणलं की डुलणं नजरेला कळतं. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त डुललं तर आरे बसवणाऱ्याकडे न्या. प्रत्येक निपलवर तेलाचा एकेक थेंब सोडा. खाऱ्या हवेत निपल जाम झालं की पुढच्या वर्षी आरा फिरण्याआधी तुटतो.

आता कोनसेट. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं थांबलं तर कोनसेट गेला. चाकाने उडवलेलं पाणी खालच्या बेअरिंगवर बसतं, म्हणून गंज नेहमी खालूनच सुरू होतो. कोनसेट चांगला असला तरी उघडून, पुसून, नवं ग्रीस भरा. आवळताना फोर्क मागे-पुढे ओढल्यावर ढिलेपणा लागू नये, आणि हँडल हलकं ढकललं की आपल्याच वजनाने दोन्ही बाजूंना पडावं.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या लिंकेजला द्या. हिमालयन ४११ सारख्या गाडीत चाक आणि शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) यांच्यामध्ये सांध्यांची ही साखळी असते. ती रस्त्याच्या पाण्याच्या थेट माऱ्यात बसते, आणि सर्व्हिसिंगमध्ये उघडून ग्रीस करायला स्वतःहून सांगितल्याशिवाय कुणी सहसा हात लावत नाही. गाडी मागून कडक वाटते, खड्ड्यात कमरेला दणका बसतो, आणि दोष शॉकला दिला जातो. आत मात्र सुईसारख्या रोलरांचं ग्रीस तपकिरी चिखल झालेलं असतं. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. मागचं चाक काढा, प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, एका वेळी एकच बोल्ट काढा. अडकलेला बोल्ट ठोकायचाच झाला तर आधी नट दोन-तीन आट्यांवर फिरवून ठेवा आणि त्यावर लाकूड धरून मारा, नाहीतर टोक पसरून बोल्ट कधीच बाहेर येत नाही. बुश बाहेर काढून नखाने चाचपा. नखाला खाच लागली तर बुश आणि बेअरिंग दोन्ही बदलायचे. गुळगुळीत असेल तर रोलर जागच्या जागी ठेवून जुनं ग्रीस कापडाने पुसा, नवं बोटाने दाबून भरा आणि बोल्टच्या अंगालाही पातळ थर द्या. फक्त आट्यांना ग्रीस नको, तिथे मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. स्विंगआर्मचा मुख्य बोल्टही याच वेळी. पहिल्यांदा करताना अर्धा दिवस जातो, आणि तो जाऊ द्यावा.

चेन क्लीनर आणि मऊ नायलॉन ब्रशने धुवा. पेट्रोलने ओ-रिंगचं रबर फुगतं आणि तडकतं. कोरडी झाल्यावर आतल्या बाजूने ९० नंबर ऑइल द्या, दहा मिनिटांनी जादाचं पुसा. या गाड्यांचा शॉक लांब खेळतो, तेव्हा ढिलाई स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणेच ठेवा. डोळ्याला नीट दिसावी म्हणून ताणलेली चेन गाडी दबली की गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढते. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागे चेन बोटाने ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला.

ब्रेक पॅडवर दोन मिलिमीटर मटेरियल उरलं असेल तर पावसाआधीच बदला. चिखलात वाळूचे कण अडकून पॅड उन्हाळ्यापेक्षा कितीतरी झपाट्याने झिजतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतं त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. डॉट ४ हवेतली आर्द्रता शोषतं, म्हणून दोन वर्षं झाली की किंवा रंग चहासारखा झाला की ते बदलायचं. बदलताना ब्रेक ऑइलची छोटी टाकी रिकामी होऊ दिली तर एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरते आणि ती घरी काढता येत नाही. तसं झालं तर सरळ गॅरेजला.

वायरिंगसाठी टाकी आणि सीट काढा. बॅटरीचा उणे टोकाचा केबल आधी सोडा. हेडलाइटमागचे, टाकीखालचे आणि साइड स्टँडच्या स्विचचे कनेक्टर एकेक उघडून हिरवट थर दिसतो का पाहा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. पावसात उभी गाडी गिअर टाकताच बंद पडत असेल तर प्लगच्या आधी साइड स्टँडचा स्विच तपासा. तो चाकाच्या पाण्यात असतो. अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत करा. मल्टिमीटरवर गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवी.

एअर बॉक्सच्या तळाची ड्रेन नळी उघडून साचलेलं पाणी काढा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या खळग्याला पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की पाऊस थेट टाकीत उतरतो. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये हे पाणी आधी विरघळतं आणि प्रमाण वाढलं की इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं पंप ओढतो तिथे. भोकात बारीक वायर घालून, वरून चमचाभर पाणी ओतून ते खाली गळतं का ते बघा.

दुसऱ्या रविवारच्या वस्तूंमध्ये पहिली बॅश प्लेट आणि दुसरा ॲल्युमिनियमचा आधार आत असलेला हँडगार्ड. नुसता प्लॅस्टिकचा हँडगार्ड वारा अडवतो, पडल्यावर लिव्हर वाचवत नाही. हँडल रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) लावलात तर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून क्लच वायर, एक्सलेटर वायर आणि ब्रेकची नळी ताणत नाहीत ना ते पाहा. इंजिन चालू ठेवून वळवल्यावर रेस आपोआप वाढली तर वायर आखूड पडतेय. जादा लाइट २० वॉटचे दोन धरले तर साडेतीन ॲम्पियरच्या आत काम होतं. रिले, बॅटरीजवळ ५ ॲम्पियरचा फ्यूज आणि रिलेचा ट्रिगर इग्निशननंतरच्या लाइनवरून, म्हणजे विसरलात तरी बॅटरी उतरत नाही. पुढचं स्प्रॉकेट १३ ऐवजी १२ दातांचं केलं तर ओढ सुमारे आठ टक्क्यांनी वाढते, पण हायवेवर इंजिन तेवढंच जास्त फिरतं आणि चेन लवकर झिजते. राजमाचीच्या कच्च्या वाटेसारखी चढण नेहमीची असेल तरच ते करा. आऱ्यांच्या रिमला आतून सीलंट लावून ट्यूबलेस करण्याच्या भानगडीत आम्ही पडणार नाही. ट्यूबच्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा बहुधा नसतो, आणि हवा गेली की टायर वेगातच सुटतो. सायलेन्सर बदलण्याचाही विचार सोडा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही.

सोबतच्या पिशवीत दोन टायर लिव्हर, पुढच्या मापाची जाड ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, छोटा पंप, दोन्ही एक्सलचे पाने, चेनची एक जोडकडी, क्लच आणि ब्रेकचे सुटे लिव्हर, फ्यूज. २१ इंची ट्यूब अडीअडचणीला मागच्या १७-१८ इंची चाकातही बसवता येते, उलट करता येत नाही. कच्च्या वाटेवर हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली तर पकड वाढते. त्याखाली गेलात तर दगडावर ट्यूब दोन ठिकाणी चिमटून फाटते. ट्यूबच्या व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर टोपीजवळ ठेवा. टायर रिमवर घसरला तर व्हॉल्व्ह तिरका होऊन ते आधी दिसतं.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर निघालेलं जुनं ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजला द्या. पीयूसी आणि विम्याच्या तारखा पाहा. मग मुंबई-पुणे जुन्या हायवेने खोपोलीपर्यंत जाऊन या (एक्सप्रेसवे दुचाकींना बंद आहे), आणि घरी आल्यावर दोन्ही एक्सल, बॅश प्लेटचे बोल्ट आणि नव्याने आवळलेले सगळे आरे पुन्हा एकदा पाना लावून तपासा.