युवा समिती हातात घेताय? आधी सभासदांची यादी उघडा

उद्योजक संघटनेने तुमच्यावर युवा समितीची जबाबदारी टाकली असेल, तर हॉल, बॅनर, वक्ता कसा ठरवायचा हे मी सांगायला नको. मी पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक भागात एका कंपनीच्या क्वालिटी विभागात असताना हे काम घेतलं. पहिल्या कार्यक्रमाला 60 खुर्च्या मांडल्या, 9 जण आले. त्यातले 4 तर वडिलांनी पाठवलेली मालकांची मुलं. त्या रात्री खुर्च्या परत रचताना फार लागलं होतं मनाला.

मला वाटलं विषय चुकला. म्हणून प्रेरणादायी बोलणारा वक्ता आणला, जेवण ठेवलं. त्याने एक संध्याकाळ भरते, पुढच्या महिन्यात कुणी फिरकत नाही. या वाटेला जाऊच नका.

खरी चूक यादीत होती. 1934 पासूनची पुण्यातली उद्योजकांची संस्था मराठा चेंबर घ्या नाहीतर एखाद्या एमआयडीसीतली छोटी संघटना, अशा संस्थांत सभासद असते ती मुख्यतः कंपनी. म्हणजे निमंत्रण जातं मालकाकडे, नाहीतर अकाउंट्सच्या ईमेलवर. एका वर्कशॉपमध्ये आमचं पत्र मला मालकांच्या टेबलाच्या काचेखाली नीट ठेवलेलं दिसलं. बाहेर मशीनवर उभ्या असलेल्या, मशीनचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराला त्याचा पत्ताच नव्हता. एखाद्यापर्यंत पोचलं, तरी तो दोन वर्षांत नोकरी बदलतो आणि जुन्या कंपनीच्या ईमेलबरोबर आपल्या यादीतूनही जातो. आपण कंपनीला बोलावत होतो, माणसाला नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन ही ओतकाम क्षेत्रातली 1950 ची संस्था बघा, तिथे व्यक्तीला स्वतःच्या नावाने सभासद होता येतं. तुमच्या संघटनेच्या नियमावलीत तशी सोय नसेल, तर निदान वेगळी नोंदवही ठेवा: माणसाचं नाव, त्याचा स्वतःचा मोबाइल, स्वतःचा ईमेल. कंपनीचं नाव शेवटच्या रकान्यात. हे केल्याशिवाय पुढचं काही करू नका.

मालक बिचकतात. "आमची पोरं तिथे येऊन नोकऱ्या शोधतील," असं मला तोंडावर ऐकवलं गेलं. त्यांची भीती खोटी नाही. मी प्रत्येकाला भेटून शब्द दिला की ग्रुपमध्ये भरती करणारा एकही माणूस नसेल, आणि तो पाळला.

वेळेचंही बघा. भोसरीत सुट्टी गुरुवारी. शनिवारी संध्याकाळी पाचचा कार्यक्रम मालकाला जमतो, पोराला गेटपास मागावा लागतो. आम्ही गुरुवारी सकाळी अकराला सुट्टीमुळे बंद असलेल्या एका वर्कशॉपमध्ये बसायला लागलो. अट एकच, रिजेक्ट झालेला जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, घेऊन यायचं; ड्रॉइंग आणि ग्राहकाचं नाव घरी ठेवायचं.

पहिल्याच गुरुवारी एका मुलाने पातळ भिंतीचा बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ भाग, आणला. आतल्या भोकाचं (बोअरचं) माप घेणाऱ्या बोअर गेजने कुठेही माप बरोबर, तरी ग्राहकाकडे बसत नव्हता. एका निवृत्त टूलरूम फोरमननी तो हातात फिरवला आणि विचारलं, "तीन जॉच्या चकमध्येच धरलास ना?" चक म्हणजे मशीनवर जॉब धरणारा पकडा, जॉ म्हणजे त्याचे जबडे. चक आवळलेला असताना बोअर गोल होतो, सोडला की भिंत मागे येते आणि बोअर तीन ठिकाणी फुगतो. दोन टोकांत मोजणाऱ्या गेजला ते कळतच नाही. सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) जॉबच्या मापाला बोअर करून घे, दाब कमी कर, असं त्यांनी सांगितलं. मुलगा हातावरच लिहून घेत होता.

मार्गदर्शक म्हणतात तो असा फोरमनच, असं माझं ठाम मत आहे. कागदावर जोड्या लावून मार्गदर्शक मिळत नाहीत. फोरमनकाकांना आधी घरी जाऊन भेटा, येण्याजाण्याची सोय करा.

सुरुवातीला पाच-सहा जणच येतील. घाबरू नका, आमच्याकडेही तेवढेच होते. पण त्यांना फुलं द्यायला आणि नोंदणीच्या टेबलावर बसवू नका, ती पोरं परत येत नाहीत. कार्यकारिणीत मतासह एक जागा मागून घ्या. आमची मागणी दोनदा फेटाळली गेली. तिसऱ्या वेळी जागा मिळाली, आणि आज तिथे तो बुशवाला मुलगा बसतो. तेव्हापासून त्याने दोन कंपन्या बदलल्या. नोंदवहीत फक्त शेवटचा रकाना खोडून नवा लिहिला.