काटा वर, फॅन ढिम्म
गाडी 2009 ची. हायवेला थंड, पण सिंहगड रोडच्या सिग्नलांवर टेम्परेचरचा काटा चढायचा. गॅरेजवाल्यांनी रेडिएटर आणि वॉटर पंप मिळून 14,000 सांगितले. (जुनी गाडी दिसली की आकडा फुगतोच.) पण पळताना तापत नाही म्हणजे वारा मिळाला की भागतंय, मग रेडिएटरचा फॅनच फिरत नसणार. बॉनेट उघडून एसी लावला, एसीवर हा फॅन फिरायलाच हवा. फॅन ढिम्म. फ्यूज शाबूत. चावी बंद करून हॉर्नचा रिले (वीज जोडणारा छोटा स्विच) काढला, फॅनच्या रिलेच्याच नंबरचा होता, आणि फॅनच्या रिलेच्या जागी खोचला. चावी फिरवताच टक् झालं, फॅन घरघरला. जुन्या रिलेची एक पिन जळून काळी पडली होती. नवा 180 रुपयांत आला. आता क्लच उरलाय. तो मात्र घरी जमायचा नाही.