थीसिसचा पहिला रुग्ण घेण्याआधी

एमडी-एमएसला, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणात, थीसिसचा विषय ठरला की आपल्या इंदूरच्या वॉर्डात लगेच ऐकू येतं, 'केसेस गोळा करायला लाग.' तिथेच थांबा. रुग्णांवरचा अभ्यास नैतिकतेच्या दृष्टीने तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत थीसिससाठी एकाही रुग्णाकडून नमुना किंवा माहिती घ्यायची नाही. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नसते. आधीच तीस नमुने घेतले असतील, तर तीसच्या तीस बाद.

म्हणून सिनॉप्सिसबरोबरच (थीसिसचा आराखडा) कमिटीचा अर्जही तयार ठेवा. कमिटीत 7 ते 15 सदस्य असतात, त्यांत कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असतो. किमान 5 जण हजर नसतील तर निर्णय होत नाही, आणि तुमचा विषय पुढच्या बैठकीवर जातो. जुन्या केस पेपरवरचा अभ्यास असला तरी अर्ज करायचाच. संमतीतून सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. तुम्ही नाही, गाइडही (थीसिसचे मार्गदर्शक) नाही. उपचारांची तुलना करत असाल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी हवी. 1 एप्रिल 2018 पासून तिथे नंतरची नोंदणी घेतच नाहीत.

खरं काम संमतीत आहे. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 21 ऑक्टोबर 2013 रोजी औषधचाचण्यांतल्या संमतीचं दृक्‌श्राव्य रेकॉर्डिंग करायला सांगितलं होतं. थीसिसला सहसा ते लागत नाही, पण रुग्णांना नीट न समजावता चाचण्या केल्याच्या तक्रारींमुळे ते मागावं लागलं, हे या शहरात शिकणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला ठाऊक असायला हवं.

आपल्याकडे झाबुआ-आलीराजपूरचा भिली बोलणारा रुग्ण येतो, खरगोनचा निमाडी बोलणारा येतो. त्यांच्यासमोर 'यादृच्छिक वर्गीकरण' लिहिलेला हिंदी फॉर्म ठेवणं म्हणजे न विचारल्यासारखंच. 'कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल' असं लिहा. '5 मिली' ऐवजी 'चहाचा एक चमचाभर रक्त, तेही नेहमीच्या तपासणीच्याच सुईतून' असं सांगा. जुन्या इंदुरी मराठी घरातल्या आजींसाठी मराठी फॉर्म करणार असाल, तर तो अनुवादही कमिटीकडून मंजूर करून घ्या.

वाचून झालं की एकच प्रश्न विचारा: 'तुम्ही नाही म्हणालात तर काय होईल?' 'फिर इलाज नहीं होगा' असं उत्तर आलं, तर ती संमती नव्हे, भीती आहे. पुन्हा समजावा, घरच्यांशी बोलायला वेळ द्या. राउंडच्या गर्दीत, सलाइन लावता लावता सही घेऊ नका.

अंगठा असेल तिथे साक्षीदार लागतो, आणि तो वाचता येणारा, अभ्यासाशी संबंध नसलेला हवा. तुमचा को-रेसिडेंट चालत नाही. साक्षीदार पहिल्या वाक्यापासून तिथे असला पाहिजे. संध्याकाळी बोलावून सही घेतली तर तो खोटा कागद होतो. मूल 7 वर्षांच्या पुढचं असेल तर पालकांच्या संमतीबरोबर त्याचा होकारही घ्या: 12 पर्यंत तोंडी, पुढे 18 पर्यंत लेखी. फॉर्मची एक प्रत रुग्णाच्या हातात जाते. ही प्रत देणंच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

फक्त थीसिससाठी केलेल्या तपासणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. तो खर्च कुठून येणार, हे प्रोटोकॉलमध्येच (अभ्यासाच्या लेखी योजनेत) लिहा. नाहीतर महागडी तपासणी शेवटी रुग्णाच्याच पावतीवर चढते.

मास्टर चार्टमध्ये (सगळ्या रुग्णांच्या माहितीच्या तक्त्यात) नाव, मोबाइल, नोंदणी क्रमांक नको, फक्त कोड. कोणाचा कोड कोणता, ती यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव झाकायचं राहून जातं, आणि तोच फोटो ग्रुपवर फिरतो.

मध्येच नमुन्यांची संख्या, प्रश्नावली किंवा गाइड बदलले, तर आधी कमिटीला दुरुस्तीचा अर्ज द्या, मंजुरी घ्या, मगच पुढचा रुग्ण.