गाडीची काच फोडणारा कॅमेऱ्यात कसा पकडावा

काच फोडून बॅग किंवा लॅपटॉप पळवायला चोराला मिनिटभरही लागत नाही. तेवढ्यात गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्याने, म्हणजे डॅशकॅमने, एक काम चोख करायला हवं, ते म्हणजे ओळख पटेल असा चेहरा टिपणं. बहुतेक फुटेज इथेच वाया जातं. टोपी घातलेली एक आकृती दिसते आणि तिच्यावरून पोलिसांना कोणालाही शोधता येत नाही.

म्हणून आधी लेन्स बघा. खोक्यावर १७० अंश ठळकपणे छापलेले असतात, पण दृश्य जितकं रुंद तितका चेहरा बारीक. आडव्या ९० अंशांच्या लेन्समध्ये ३ मीटरवर साधारण ६ मीटर रुंदी मावते. १०८०पी चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात, म्हणजे मीटरमागे ३२०. अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी मीटरमागे २५० तरी लागतात. लेन्स १२० अंशांची घेतली की आकडा १८५ पर्यंत घसरतो.

काच फुटते ती बहुधा बाजूच्या दाराची, आणि नुसता समोर बघणारा डॅशकॅम तिथे आंधळा असतो. दोन तोंडांचा घ्या, एक तोंड बाहेर आणि एक आत. तो आरशामागे चिकटवा. चोर खिडकीतून आत वाकतो तेव्हा त्याचा चेहरा लेन्सपासून जेमतेम मीटरभरावर असतो. सगळ्यात कामाचं चित्र हेच. स्क्रीन, बीप आणि चालू असल्याचा दिवा सेटिंगमधून बंद करा. दिवा बंद होत नसेल तर त्यावर काळी टेप लावा.

रात्रीची गोम इन्फ्रारेडमध्ये आहे. बाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड काचेवर आपटून परत येतो आणि चित्र पांढरं पडतं, म्हणून तो बंद ठेवा आणि गाडी पथदिव्याखाली लावा. आतल्या कॅमेऱ्याला मात्र तो हवाच. त्यातही ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा घ्या, कारण ८५० चे दिवे अंधारात मंद लाल दिसतात आणि कॅमेरा उघडा पडतो. अंगाच्या उष्णतेवर जागा होणारा पीआयआर सेन्सर गाडीत घेऊ नका. ती उष्णता काचेतून आत पोहोचतच नाही. चित्रातली हालचाल ओळखून घटनेच्या आधीचे काही सेकंदही जपणारा पार्किंग मोड हवा.

वीज हार्डवायर किटने, म्हणजे थेट गाडीच्या फ्यूजबॉक्समधून वीज घेणाऱ्या तारांच्या संचाने द्या. सहसा पिवळी तार कायम चालू असलेल्या फ्यूजला, लाल तार किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला आणि काळी बॉडीच्या बोल्टला जाते. फ्यूज मल्टिमीटरने तपासा, एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नका. ए-पिलरमध्ये (पुढच्या काचेशेजारच्या खांबात) पडदा एअरबॅग असेल तर तार तिच्या मागून न्या. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना अडकेल. याची खात्री नसेल तर काम ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या. कॅमेरा ०.३ अँपिअर खात असेल तर १२ तासांत ३.६ अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी ३५ ची असते, एक रात्र सहज निघते, पण गाडी आठवडाभर उभी राहिली तर सकाळी सेल्फ मारणार नाही. म्हणून किटचा कटऑफ, म्हणजे बॅटरी किती व्होल्टवर उतरली की कॅमेरा बंद व्हावा तो आकडा, १२.२ व्होल्टवर ठेवा.

उन्हात उभ्या गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जातं आणि लिथियम बॅटरी फुगते, त्यामुळे बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग) असलेलाच कॅमेरा निवडा. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं, ६४ जीबीचं. साधं कार्ड सततच्या लिखाणाने निकामी होतं आणि ते कळतं चोरी झाल्यावर.

बसवून झालं की रात्री घरातल्या कोणाला तरी खिडकीशी वाकायला सांगा आणि ते चित्र संगणकावर बघा. घड्याळ बरोबर आहे ना, तेही तपासा. लेन्स शेजाऱ्यांच्या खिडकीवर रोखू नका, आणि गाडीत बसणाऱ्यांना आत कॅमेरा असल्याचं सांगून ठेवा.

चोरी झालीच तर आधी कार्ड काढा, नाहीतर लूपमध्ये, म्हणजे जुन्यावर नवं चित्रण होत राहून, फुटेज पुसलं जाईल. मग ११२ ला फोन करा. संगणकावर प्रत करा आणि मूळ कार्ड जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दाबला गेला की चेहऱ्याचे बारकावे जातात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा अंक-अक्षरांचा संकेत) लिहायची असते. तक्रार ऑनलाइन केली असेल तर ३ दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करा.