शेजारच्या कापसावर काय मारलंय ते विचारा, मगच तुती तोडा

रेशीमवाल्यांनो, पावसाने उघडीप दिली की कापसात पांढरी माशी वाढते आणि जो तो पंप पाठीला लावतो. रेशीम अळ्यांची बॅच शेडमध्ये असेल तर आज बांधापलीकडे जाऊन विचारा काय मारलं, नुसतं सांगण्यावर जाऊ नका, बाटली बघा. पायरीप्रॉक्सीफेन हे पांढऱ्या माशीवरचं कीटकनाशक असेल (कापसाला 10 टक्केवालं 10 लिटरला 20 मिली सांगतात) तर बांधाकडचा पाला या बॅचला बंद. वारा तुमच्याकडे असेल तर सात-आठ ओळी तरी सोडा, हा माझा अंदाज आहे, पुस्तकातला नाही.

हे औषध रेशीम अळीला मारत नाही, तिथेच गोची आहे. अळीच्या अंगात एक्डायसोन कात टाकायला लावतं आणि ज्युवेनाईल हार्मोन तिला अळीच ठेवतं. चार काती झाल्या की पाचव्या अवस्थेत ज्युवेनाईल उतरायला लागतं, तेव्हाच ती पाला सोडते, अंग पिवळट पारदर्शक होतं आणि धागा काढते. पायरीप्रॉक्सीफेन म्हणजे नकली ज्युवेनाईल हार्मोन. अळी खातच राहते, जाडजूड होते, आपण खूश, आणि चंद्रिकेवर (कोष बांधायच्या जाळीवर) टाकली की नुसती फिरते, कोष नाहीच किंवा पापुद्र्यासारखा. पाला, मजुरी सगळं घालून झाल्यावर कळतं. इटलीत व्हेनेतोकडे 1990 च्या आसपास फळबागांवरच्या फेनॉक्सीकार्बने रेशीमवाल्यांचं असंच वाटोळं केलं, तेही याच गटातलं.

दहा-वीस अळ्यांना पाला घालून बघायचं जे आपण करतो ते इथे फसतं. दुसऱ्या विषाने अळी ओकते, आकसते, यात चार दिवस काहीच दिसत नाही. पाला धुऊनही भरवसा नाही.

मग दुकानदार महागडं टॉनिक काढतो, कोष बांधतील म्हणून. घेऊ नका. संपूर्णा हे औषध वेगळं, ते निरोगी अळ्या एकदम पिकाव्यात (कोष बांधायला तयार व्हाव्यात) म्हणून, थोड्या पिकायला लागल्या की पाल्यावर शिंपडायचं. अशी बिघडलेली बॅच त्याने सुधारलेली मी तरी बघितली नाही.

बाकी नेहमीचं:
- 90 टक्के अळ्या मोल्टला (कात टाकायला) बसल्या की पाला बंद, चुना धुरळा
- मोल्टमध्ये बेड कोरडा, शेड हवेशीर, अळ्या हलवू नका
- 95 टक्के उठल्या की विजेता (निर्जंतुक पावडर) धुरळा, अर्ध्या तासाने पाला
- पाचव्या अवस्थेत 24-25 डिग्री, आर्द्रता 70 च्या आत

चॉकी (लहान वाढवलेल्या अळ्या) बुक करतानाच शेजाऱ्याला तारीख सांगून ठेवा. बांधालगतच्या पट्ट्यात तेवढे दिवस हे मारू नको म्हणा, पिवळे चिकट सापळे हवं तर तुम्हीच आणून द्या, बॅच जाण्यापेक्षा स्वस्तच पडतात.